हक्काची पोच

दीपावलीच्या मंगलपर्वी हा अंक वाचकांच्या हाती देत असताना यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या रानांत कापसाची वेचणी सुरू झालेली आहे. आणि ज्यांच्या हातांनी हे पांढरे धन घरात येते, त्या मजूर स्त्रीपुरुषांना फाल्गुनात पऱ्हाटी उपटली गेल्यानंतर मृगापर्यंत काम कोण देणार, हा प्रश्न सणाच्या आनंदातही आम्हांस विसरता येत नाही.

महाराष्ट्राने या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याचा आपल्या जिल्ह्याशी निकटचा संबंध आहे. पुसद तालुक्यातील गहुलीचे सुपुत्र वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, 1972 साली, वि. स. पागे यांनी कल्पिलेल्या रोजगार हमी योजनेस आरंभ झाला. पुढे 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात येऊन, मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम आणि ते न दिल्यास बेकारी भत्ता, हे सरकारचे कायदेशीर दायित्व ठरले. त्याच 1972 मध्ये कापसाची एकाधिकार खरेदीही सुरू झाल्यामुळे शेतकऱ्याचे एकमेव गिऱ्हाईक आणि भूमिहीनाचा अखेरचा धनी, या दोन्ही जागी सरकारच आले.

धनी खाजगी असेल तर त्याच्या अन्यायाविरुद्ध सरकारदरबारी दाद मागता येते. परंतु हजेरीपट सरकारचा, मोजमाप सरकारचे, मजुरीचा दर सरकारचा आणि तक्रारीचा निवाडाही सरकारचाच असेल, तर मजुराने कोणाच्या दारी जावे? एकाधिकाराच्या काळात परराज्यात भाव चढला वा चुकारा लांबला की येथील कापूस पैनगंगा ओलांडून आदिलाबादकडे जाई. मजुराला मात्र आपले श्रम दुसऱ्या बाजारी न्यावयाचे तर बिऱ्हाडच पाठीवर घ्यावे लागते. सरकारच धनी असेल तर ही वाटही बंद होऊ शकते: सोव्हिएत रशियाच्या 1936 च्या राज्यघटनेने कामाचा हक्क मान्य केला होता, तरी 1940 च्या फर्मानाने परवानगीवाचून नोकरी सोडणे हा गुन्हा ठरविला. आपल्याकडे, उलटपक्षी, राजस्थानातील दुष्काळी कामांच्या खटल्यात 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारलाच बजावले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबविणे ही वेठबिगारी होय आणि दुष्काळ ही त्याची सबब होऊ शकत नाही. धन्याहून स्वतंत्र असा न्यायाधीश आणि मजुरांची स्वतःची संघटना, यांवाचून सरकारी हमी टिकत नाही.

आमच्या मते या हक्काचे मर्म कागदाच्या एका लहानशा तुकड्यात आहे. कामाच्या मागणीची दिनांकित पोच मजुराच्या हाती पडली, तरच पंधरा दिवसांची मुदत मोजता येते आणि भत्त्याचा दावा उभा राहतो; ‘काम निघाले की सांगू’ एवढ्यावर त्याची बोळवण केली, तर कायदा शाबूत राहूनही हक्क बुडतो, आणि दप्तरी मात्र मागणीच नव्हती असे दिसते. झरी-मारेगावकडील कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, आलेल्या निरक्षर मजूर बाईने एकटीने ही पोच मागून घ्यावी, अशी अपेक्षा करणे हाच अन्याय आहे.

म्हणून योजनेचे नाव, कामाचे दिवस व निधीची वाटणी दिल्लीत वा मुंबईत कशीही बदलो, आमची मागणी एवढीच आहे की, पोच नाकारणारा अंमलदार व्यक्तिशः जबाबदार धरला जावा आणि तक्रारीचा निवाडा काम देणाऱ्या खात्याबाहेर व्हावा. आमच्या सुशिक्षित वाचकांनीही सुगी सरताच आपापल्या गावी मजुरांचे अर्ज लिहून द्यावेत आणि पोच हाती पडेपर्यंत कचेरीत त्यांच्यासोबत उभे राहावे, अशी आमची विनंती आहे.