पैसे भरले, पण मांडले कुठे?



एकाधिकार खरेदीच्या काळात कापसाच्या चुकाऱ्यातूनच सोसायटीची वसुली कापली जाई. राग येई, पण सेक्रेटरीच्या खतावणीतला आकडा निदान डोळ्यांना दिसे. आता खतावणी संगणकात गेली. बँका आणि वसुली एजन्स्या आधीच गेल्या होत्या. मग जून २०२२ मध्ये केंद्र सरकारने ६३,००० प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. संगणकाशी आमचे वैर नाही. पण यंत्र सांगितले तेवढेच करते, आणि त्याला सांगणारा कर्ज देणारा असतो, घेणारा नव्हे.

खिडकीवर काय घडते ते पाहा. समजा, मुद्दल एक लाख, थकलेले व्याज १८ हजार आणि दंड व खर्च मिळून दोन हजार. ज्वारी-कापूस विकून तुम्ही २५ हजार भरले. घरी येताना मनात हिशेब, आता ७५ हजार राहिले. संगणकाने आधी खर्च वळता केला, मग व्याज, आणि उरलेले पाच हजार मुद्दलात टाकले. मुद्दल राहिले ९५ हजार. यात चोरी नाही. बहुतेक करारांत हाच क्रम लिहिलेला असतो. आपण सही केली, वाचले मात्र नाही.

एकाच कर्जात व्याज आधी की मुद्दल आधी, हे आपल्या एकट्याच्या मर्जीवर नाही. पण कर्जे दोन-तीन असली, म्हणजे पीककर्ज, विहिरीचे, मोटारीचे, तर निवड आपली आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ५९ सांगते की, भरतेवेळी ‘ही रक्कम अमुक कर्जाची’ असे सांगितले आणि समोरच्याने पैसे घेतले, तर ते तिथेच मांडावे लागतात. आपण गप्प राहिलो की कलम ६० लागते. मग निवड त्याची. मुदत उलटून गेलेल्या, दावा लावता येत नाही अशा जुन्या कर्जातही तो ते पैसे टाकू शकतो. आपल्या मुकेपणाची किंमत एवढी आहे.

दुसरी गोष्ट तारखेची. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तरच केंद्राची तीन टक्के सूट आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळते. खाते क्रमांक चुकला की रक्कम सस्पेन्स खात्यात जाऊन पडते, म्हणजे धनी न ठरलेल्या पैशाच्या कप्प्यात. पैसे वेळेत दिले तरी आपल्या कर्जखात्यावर आपण थकबाकीदारच दिसतो. सूट जाते, आणि पुढच्या पेरणीला नवे कर्ज मागायला गेलो की नकार मिळतो.

तिसरी गोष्ट दंडाची. दंडाच्या रकमेवर पुन्हा व्याज चढवू नये, असे रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी व्यापारी बँका व वित्त कंपन्यांना बजावले आहे. उताऱ्यात तसे चढलेले दिसले तर लेखी जाब विचारा.

म्हणून आमचे सांगणे थोडेच आहे. भरण्याच्या चिठ्ठीवर कर्जाचे नाव आणि खाते क्रमांक लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या. दारात आलेल्या वसुलीवाल्याला छापील पावतीशिवाय रुपयाही देऊ नका. आणि पैसे भरल्यावर आठ दिवसांत खाते उतारा मागा. व्याजात किती गेले, मुद्दलात किती, कोणत्या तारखेला, ते पाहा.

कापूस विकताना काट्यावरची नजर आपण हलू देत नाही. पाव किलोसाठी अडत्याशी भांडतो. मग वर्षाची कमाई ज्या खिडकीतून आत जाते, तिथे मान खाली घालून का उभे राहतो? देणे असणे हा गुन्हा नाही. हिशेब मागणे हा तर हक्कच आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपापला उतारा बरोबर आणावा. आपण तो मिळून वाचू.