जुन्या रायफलीची नवी गरज

उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी .३०३ रायफलीला निरोप दिला. जम्मूच्या डोंगराळ भागात मात्र १९९५ पासून ग्रामरक्षकांची भिस्त याच रायफलीवर राहिली. १ जानेवारी २०२३ रोजी राजौरीतील डांगरी गावावर दहशतवादी चालून आले, तेव्हा एका ग्रामस्थाने तिच्यातूनच गोळ्या झाडून त्यांना पळवून लावले. त्यानंतर ग्रामरक्षकांना सेल्फ लोडिंग रायफली मिळू लागल्या, हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यांचे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस .३०३ मध्ये चालत नाही. म्हणूनच शेवटची जुनी रायफल बदलली जाईपर्यंत तिच्या काडतुसांचा पुरवठा आणि ग्रामरक्षकांचा नेमबाजीचा सराव अखंड चालू राहिला पाहिजे. काडतुसाविना रायफल म्हणजे केवळ काठीच! तिच्या भरवशावर गाव निर्धास्त कसे झोपणार?