संमतीपत्र कुणी द्यायचं होतं?

नोव्हेंबर 2020 मध्ये आमच्या जुळे सोलापुरात घरोघरी एक कागद आला होता. नववी ते बारावीचे वर्ग 23 तारखेपासून उघडायला राज्याने परवानगी दिली होती. मुलाला पाठवायचं तर पालकांची लेखी संमती हवी होती, हजेरीची सक्ती नव्हती. आसरा चौकापासून सैफुलपर्यंत त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. आजीला मधुमेह आहे, पोरगं रोग घेऊन आलं तर? शिक्षकांच्या तपासण्या झाल्या का? एका बाकावर एकच मूल बसवणार म्हणतात, पण मधल्या सुट्टीत काय? शेवटी बहुतेक घरांनी ठरवलं की अजून थोडे दिवस घरूनच शिकू दे.

त्या निर्णयात चूक नव्हती. एप्रिल 2020 मध्ये तेलंगी पाच्छा पेठेत शहरातला पहिला रुग्ण सापडला, तोही मृत्यूनंतर. पुढच्या मे-जूनमध्ये सोलापूर शहराचा मृत्युदर राज्याच्या सरासरीपेक्षा बराच वर होता. गल्लीगल्लीत पत्रे ठोकलेले सगळ्यांनी पाहिले होते. भीती खरी होती आणि तिला आधार होता. त्या वेळी मुलाला घरी ठेवणाऱ्या आईला आज कुणी नावं ठेवू नयेत.

माझं म्हणणं वेगळं आहे. ‘शाळा की ऑनलाइन’ हा प्रश्न विचारला गेला तो आमच्यासारख्यांना. घरात वायफाय, एखादा लॅपटॉप, दोन-तीन फोन, आणि मुलाशेजारी बसायला शिकलेलं माणूस असलेल्यांना. उत्तरही आम्हीच दिलं आणि आमचं उत्तर साडेनऊ लाखांच्या शहराला लागू झालं. ज्यांच्याकडे दोनपैकी एकच वाट होती, त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. शाळा बंद म्हणजे शिक्षण बंद, एवढाच त्याचा अर्थ होता.

पूर्व भागात एका विडी कामगार बाईंना त्या काळात विचारलं होतं, पोरांच्या ऑनलाइन तासाचं कसं चाललंय? “फोन मालक घेऊन जातेत की ओ कारखान्याला,” त्या म्हणाल्या. “रात्री येतेत तवर पोरं झोपलेली असतेत.” यंत्रमागाची पाळी बारा तासांची. फोन कामावर जातो, कारण मुकादमाचा निरोप त्याच्यावरच येतो. रात्री आलेला गृहपाठाचा व्हिडिओ सकाळी पुन्हा त्या फोनाबरोबर कारखान्यात. सरकारी तक्त्यात मात्र या घराची नोंद ‘स्मार्टफोन आहे’ अशीच होणार. 2021 च्या ‘असर’ पाहणीत देशभरच्या खेड्यांत नेमकं हेच दिसलं: घरात स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी सुमारे 26 टक्के मुलांना तो अभ्यासाला मिळतच नव्हता. त्याच वर्षी अर्थतज्ज्ञ ज्यां द्रेझ आणि सहकाऱ्यांनी पंधरा राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत पाहणी केली, त्यात महाराष्ट्रही होता. नियमित ऑनलाइन शिकणारी मुलं शहरी वस्त्यांत 24 टक्के निघाली आणि खेड्यांत 8.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे आणि त्याच्याबद्दल फारसं बोललं गेलं नाही. पूर्व भागातल्या हजारो घरांत तेलुगू बोलतात. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या घरांत कन्नड, शहराच्या अनेक पेठांत दखनी उर्दू. यातली कितीतरी मुलं मराठी शाळेत जातात आणि मराठी त्यांच्या कानावर पडते ती शाळेतच. बाई वर्गात बोलतात ती मराठी, शेजारच्या बाकावरच्या पोराशी भांडण होतं ती मराठी. अशा सहा वर्षांच्या मुलाची शाळा बंद झाली, तेव्हा धडे तर बुडालेच, पण ते धडे ज्या भाषेत समजायचे ती भाषाही कानाआड झाली. 20 जुलै 2020 पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. पहिली ते आठवीसाठी तयार केलेली ती मालिका खरंच मनापासून केलेली होती. पण टीव्हीवरची ताई मुलाला उलट प्रश्न विचारून त्याच्या उत्तरासाठी थांबू शकत नाही. मूल बोललं नाही तर भाषा येत नाही.

आणि तरीही याच शहराने तिसरी वाट काढून दाखवली. एमआयडीसीजवळच्या नीलमनगरात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी 2020 च्या पावसाळ्यात वस्तीतल्या घरांच्या भिंती मागून घेतल्या. अडीचशे-तीनशे भिंतींवर मुळाक्षरं, बाराखडी, पाढे, आकृत्या, व्याकरण रंगवून काढलं. अंतर ठेवून पोरं भिंतीसमोर उभी राहायची, मास्क लावून मास्तर गल्लीतून फिरायचे. तिथली बहुतेक घरं कापड गिरण्या-यंत्रमागांवर पोट असणाऱ्यांची. परदेशी बातम्यांनी नीलमनगरला खेडं म्हटलं. आम्हाला ठाऊक आहे की ते सोलापुरातच आहे, जुळे सोलापुरातून गाडीवर सहज जाऊन येता येईल इतकं जवळ.

त्या भिंतींची जगभर वाहवा झाली. तेवढ्यावर समाधान मानायला मी तयार नाही. त्या शिक्षकांनी एक गोष्ट सिद्ध केली होती: उघड्या हवेत, थोड्या-थोड्या मुलांना, रोज थोडा वेळ प्रत्यक्ष शिकवता येतं. शाळा पूर्ण उघडी आणि शाळा पूर्ण बंद यांच्यामध्ये भरपूर जागा होती. महापालिकेच्या शाळांना मैदानं आहेत. शहरात मंगल कार्यालयं महिनोन्‌महिने रिकामी पडून होती. त्या प्रयोगाचा नियम व्हायला हवा होता. तो कौतुकाचा विषय होऊन राहिला. त्याच वर्षी डिसेंबरात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि जिल्ह्याची मान उंचावली. त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेले क्यूआर कोड देशभर गेले. पण कोड उघडायला फोन लागतो आणि फोन बापाच्या खिशात होता.

मला सर्वांत जास्त खुपतो तो उघडण्याचा क्रम. आधी नववी ते बारावी, कारण बोर्डाची परीक्षा. मग 27 जानेवारी 2021 पासून पाचवी ते आठवी. दुसरी लाट आली, सगळं पुन्हा बंद. 4 ऑक्टोबर 2021 ला खेड्यांत पाचवीपासून, शहरांत आठवीपासून. पहिली-दुसरीच्या मुलांना राज्याने परवानगी दिली ती 1 डिसेंबर 2021 ला. म्हणजे जून 2020 मध्ये पहिलीत नाव घातलेलं मूल अर्धी दुसरी संपल्यावर पहिल्यांदा वर्गात बसलं. सोळा वर्षांचा मुलगा पुस्तक घेऊन एकटा बसू शकतो. सहा वर्षांच्या पोराला पेन्सिल धरण्यापासून कुणीतरी शेजारी लागतं. डेन्मार्कने एप्रिल 2020 मध्ये शाळा उघडल्या तेव्हा सुरुवात बालवर्गापासून आणि खालच्या इयत्तांपासून केली. आपल्याकडे आयसीएमआरचे प्रमुख बलराम भार्गव यांनी जुलै 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं की आधी प्राथमिक शाळा उघडाव्यात, लहान मुलांचं शरीर हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला पेलतं. त्याच सुमाराच्या रक्त-तपासणीत सहा ते नऊ वयाच्या 57 टक्के मुलांत प्रतिपिंडं सापडली होती. घरी बसवूनही निम्म्याहून जास्त मुलांना संसर्ग होऊन गेला होता. एवढं समोर असूनही ऑगस्टमध्ये 17 तारखेला शाळा उघडण्याचा निर्णय राज्याच्या कोविड टास्क फोर्सच्या आक्षेपानंतर मागे पडला. दोनच दिवस आधी, 15 ऑगस्टपासून, हॉटेलांची वेळ रात्री दहापर्यंत वाढवून मिळाली होती.

आणि पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक विसरता येत नाही. 17 एप्रिल 2021, दुसरी लाट भरात. मुलांसाठी बंद असलेल्या शाळा मतदानासाठी उघडल्या गेल्या आणि वर्गात बसायला असुरक्षित ठरवलेले शिक्षक मतदान केंद्रावर ड्युटीला बसले. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या शिक्षकांच्या घरांत मृत्यू झाले. जिथे सभा आणि मतदान होऊ शकतं, तिथे पहिलीच्या वीस मुलांचा वर्ग मैदानावर भरू शकत नाही, हे कुठल्याही वैद्यकाने सांगितलेलं नव्हतं. काय आधी उघडायचं हे सत्तेने ठरवलं होतं आणि त्या यादीत सहा वर्षांच्या मुलांच्या वतीने बोलणारं कुणी नव्हतं.

शाळा नसल्याची किंमत अभ्यासापुरती राहिली नाही. शाळेतली गरम खिचडी थांबली आणि तिच्या जागी कोरडा तांदूळ-कडधान्य घरी गेलं. घरात खाणारी तोंडं पाच असतील तर तो तांदूळ पाचांचा झाला. विड्या वळायला आईशेजारी बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. टाळेबंदीत रोखलेल्या बालविवाहांच्या बातम्यांत सोलापूर जिल्ह्याचं नाव पुन्हा पुन्हा यायचं. मुलगी वर्गात गैरहजर दिसली की बाई घरी विचारायला जातात. वर्गच नसेल तर गैरहजेरी कळणार कुणाला? 2022 च्या ‘असर’मध्ये तिसरीतल्या, दुसरीचा मजकूर वाचू शकणाऱ्या मुलांचं देशाच्या ग्रामीण भागातलं प्रमाण 27.3 वरून 20.5 टक्क्यांवर आलेलं होतं. आमच्या जुळे सोलापुरातल्या मुलांनी क्लास लावून ती खोट बरीचशी भरून काढली. 2020 ला पहिलीत गेलेली ती सगळी मुलं, इकडची आणि तिकडची, मार्च 2030 मध्ये दहावीचा एकच पेपर लिहितील.

या स्तंभात शाळांबद्दल लिहिलं की लोक मला अनेकदा विचारतात, झालं ते झालं, आता कशाला उकरायचं? उकरायचं अशासाठी की निर्णय कुणी आणि कसा घ्यायचा, हे आजही ठरलेलं नाही. जुलै 2021 मध्ये कोरोनामुक्त गावांना एक चांगली सोय मिळाली होती. महिनाभर गावात रुग्ण नसेल तर सरपंच, मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी यांच्या समितीने ठरवायचं आणि शाळा उघडायची. शहरात मात्र अख्ख्या महापालिकेला एकच निर्णय. नीलमनगर, विडी घरकुल आणि जुळे सोलापूर यांचे प्रश्न तीन प्रकारचे आणि उत्तर एक.

म्हणून महापालिकेच्या शिक्षण मंडळाकडे आणि जिल्हा परिषदेकडे माझी मागणी आहे की हे आता, शांत काळात, लेखी ठरवा. प्रभागवार समिती असू द्या. तिच्यात मुख्याध्यापक, प्रभागातला डॉक्टर आणि वस्तीतल्या दोन आया असू द्या. बंद करण्याची वेळ आली तर सर्वांत शेवटी पहिली-दुसरी बंद होईल आणि उघडताना सर्वांत आधी तीच उघडेल, असा क्रम लिहून ठेवा. लस येईल तेव्हा शिक्षक पहिल्या रांगेत असतील, हेही लिहून ठेवा. 2021 मध्ये केंद्राने शिक्षकांच्या लसीकरणासाठी 5 सप्टेंबरची मुदत घातली, म्हणजे लसीकरण सुरू होऊन साडेसात महिने उलटल्यावर. तोपर्यंत शिक्षकांना वर्गात जा म्हणायला कुणाला तोंड नव्हतं.

आणि दर जूनला प्रवेशाच्या अर्जावर एक रकाना वाढवा. घरात स्मार्टफोन आहे का, हे विचारू नका. सकाळी दहा ते पाच तो कुणाच्या हातात असतो, हे विचारा. ती यादी प्रत्येक वर्गशिक्षकाच्या कपाटात तयार हवी, म्हणजे शाळा बंद करण्याचा हुकूम येईल त्याच दिवशी मास्तरांना कळेल की उद्या सकाळी कुणाच्या दारात जायचं आहे.