पडद्याचे ज्ञान आज्ञावलीबाहेर असावे

पडदा म्हणजेच संगणक, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. पन्नास वर्षांपूर्वी ती कोणाचीही झाली नसती. तेव्हा यंत्र एका खोलीत असे आणि पडदा व कळफलक मिळून झालेले टर्मिनल दुसऱ्या खोलीत. दोहोंना जोडणाऱ्या तारेवरून एकामागून एक संकेतांक जात. पुष्कळदा संगणक एका कारखान्याचा, टर्मिनल दुसऱ्याचे आणि आज्ञावली तिसऱ्याचीच असे. या तिघांची भाषा जुळवून देणे हे एक स्वतंत्र काम होते, आणि त्या कामातून मिळालेला धडा देवनागरी लिहिणाऱ्या आपणा सर्वांच्या उपयोगाचा आहे.

एक साधे काम घ्या. लिहिण्याची खूण, म्हणजे कर्सर, पाचव्या ओळीतील दहाव्या घरात न्यायची आहे. लिअर सीग्लर कंपनीच्या १९७६ मधील एडीएम-३ए टर्मिनलला त्यासाठी प्रथम 'एस्केप' हा संकेत, मग बरोबरीचे चिन्ह आणि त्यानंतर दोन अक्षरे पाठवावी लागत. ओळ व घर शून्यापासून मोजून त्यांत ३२ मिळवायचे, म्हणजे ३६ आणि ४१. हे अंक अनुक्रमे डॉलरचे चिन्ह आणि उजवा कंस यांचे आहेत. डिजिटल कंपनीच्या व्हीटी-५२ ला हेच सारे चाले, परंतु बरोबरीच्या चिन्हाऐवजी 'वाय' हे अक्षर लागे. त्याच कंपनीच्या १९७८ मधील व्हीटी-१०० ने मात्र रीतच बदलली. एस्केप, डावा चौकोनी कंस, ५, अर्धविराम, १० आणि 'एच' असा तिचा क्रम, आणि मोजणी एकापासून. एकाची आज्ञा दुसऱ्याला गेली की पडद्यावर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हांचा सडा पडे.

यावर दोन उपाय निघाले. १९७८ च्या सुमारास आलेल्या वर्डस्टार या लेखन-आज्ञावलीबरोबर एक जुळवणीची आज्ञावली मिळे. तिच्या यादीतून आपले टर्मिनल निवडले की ती वर्डस्टारच्याच फायलीत योग्य ते संकेतांक भरी. यादीत नाव नसेल, तर टर्मिनलची पुस्तिका उघडून ते स्वतः भरावे लागत. त्यासाठीच्या जागा निर्मात्यांनी मोकळ्या ठेवल्या होत्या, हे त्यांचे सौजन्यच. दुसरा उपाय बर्कली येथील बिल जॉय यांचा. त्यांनी प्रत्येक टर्मिनलचे वर्णन एका वेगळ्या, माणसाला वाचता येईल अशा फायलीत लिहिण्याची पद्धत पाडली. ओळी २४, घरे ८०, पडदा पुसण्याचा संकेत अमुक, कर्सर हलविण्याचा तमुक. नवे टर्मिनल आले की त्या फायलीत नवी नोंद करावी. आज्ञावलीला हात लावण्याचे कारण नाही. या फायलीला 'टर्मकॅप' म्हणत.

दुसरा उपाय निःसंशय श्रेष्ठ होय. पहिल्यात पडद्याचे ज्ञान आज्ञावलीच्या पोटात गडप होते. दुसऱ्यात ते उघड्यावर राहते आणि सर्वांच्या कामी येते.

परंतु या दोन्ही उपायांत एक गृहीत धरलेली गोष्ट होती: एक संकेतांक म्हणजे पडद्यावरील एक घर. रोमन लिपीला ते शोभते. आपला 'शक्ती' हा शब्द पाहा. त्यात श, क, हलन्त, त आणि दीर्घ ईकार असे पाच संकेत, आणि डोळ्यांना दिसतात दोन अक्षरे. कानपूरच्या आयआयटीत या प्रश्नावर जे संशोधन झाले, ते पुढे १९८८ पासून पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत 'जिस्ट' या नावाने वाढले, आणि १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. त्यातील तत्त्व असे की, फायलीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने ठेवावीत. जोडाक्षराचा आकार कसा काढावा हे दर्शक यंत्रणेने पाहावे. 'क' चा संकेतांक १७९, मग मजकूर देवनागरीत दाखवा की गुजरातीत. जिस्टचे कार्ड संगणकात बसविले की, इंग्रजीसाठी रचलेल्या आज्ञावलीतही मराठी मजकूर उमटे. बर्कलीचेच तत्त्व येथे निराळ्या वाटेने आले होते.

दुर्दैवाने पुढे स्वस्त फाँटांचा सुळसुळाट झाला आणि हे तत्त्व आपण गमावले. आमच्या रायपुरात हे विशेष जाणवते. हे शहर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होते आणि त्या राज्याच्या १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही राजभाषा होत्या. लिपी एकच, त्यामुळे एका भाषेची लेखनयंत्रणा दुसरीलाही उपयोगी. परंतु येथील टंकलेखन रुजले ते 'कृतिदेव' फाँटात. त्यात 'भारत' लिहिले की फायलीत प्रत्यक्षात एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरे जातात. ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहावा लागतो, कारण तो आधी दिसतो. फाँट नसलेल्या यंत्रावर तो मजकूर उघडला की व्हीटी-१०० ची आज्ञा एडीएम-३ए ला गेल्यासारखी गत होते. शब्दाचा शोध घेता येत नाही, अकारविल्हे क्रम लागत नाही.

आता युनिकोड आले आहे, तेव्हा जुन्याची चिंता कशाला, असे काहीजण म्हणतील. त्यांना इतकेच विचारावे की, १९९० नंतरच्या वीसेक वर्षांत मंडळांची इतिवृत्ते, स्मरणिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका ज्या फायलींत लिहिल्या गेल्या, त्या कोण रूपांतरित करणार? रूपांतर अवघड नाही. त्याची साधने आहेत. परंतु मूळ फाँट कोणता, हे ठाऊक असल्याशिवाय ती चालत नाहीत. 'कृतिदेव' व 'श्रीलिपी' यांची संकेतरचना एक नाही.

म्हणून ग्रंथालयांना आमची सूचना अशी: जुनी तबकडी किंवा फाईल दाखल करून घेताना तिच्यासोबत एक चिठ्ठी ठेवावी. आज्ञावलीचे नाव व आवृत्ती, फाँट किंवा संकेतप्रणाली, आणि पहिल्या पानाची कागदावर छापलेली एक प्रत. हे काम आठवी-नववीचे विद्यार्थी एका दुपारी करू शकतील. एडीएम-३ए ची नोंद आजही लिनक्सच्या टर्मिनल-वर्णनांच्या संग्रहात सापडते. ते यंत्र विकत मिळेनासे होऊन कित्येक वर्षे लोटली आहेत.