आधी विकास, मग लोकशाही?

गेटसभा संपते, मंडळी चहाच्या टपरीवर जमतात आणि आमचेच जुने सभासद म्हणतात, "साहेब, या देशाला पाच वर्षे हुकूमशहाच पाहिजे. त्याशिवाय प्रगती नाही." मालकांच्या संघटना असे म्हणाल्या तर आम्हांला नवल वाटत नाही. पण नियमाने वर्गणी भरणारा कामगार हे बोलतो तेव्हा त्याला उत्तर देणे आमचे काम आहे. नुसत्या घोषणेने ते भागणार नाही, कारण त्याच्याजवळ दाखला असतो : दक्षिण कोरिया.

दाखला खोटा नाही, हे प्रथम मान्य करू. मे १९६१ मध्ये जनरल पार्क चुंग-ही यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली आणि ऑक्टोबर १९७९ मध्ये त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने त्यांना गोळी घालेपर्यंत ती सोडली नाही. त्या अठरा वर्षांत शेतीवर जगणारा एक गरीब देश पोलाद आणि जहाजे बनवू लागला. पण हे केवळ बंदुकीने झाले काय? कसेल त्याची जमीन हा कायदा तेथे पार्क येण्यापूर्वीच, १९४९-५० मध्ये झाला होता. प्राथमिक शिक्षण सर्वदूर पोहोचले होते. बँका सरकारच्या मुठीत होत्या आणि निर्यात करून न दाखवणाऱ्या कारखानदाराला स्वस्त कर्ज मिळत नसे. आपल्याकडे कोरियाचे गोडवे गाणारे जमीनसुधारणेचे नाव काढत नाहीत, बँकांवरील सरकारी अंकुशाचे तर नाहीच. कोरियातून त्यांना एकच माल आयात करायचा आहे : युनियनबंदी.

आणि नुसत्या हुकूमशाहीने देश पुढे जात असता तर फिलिपाईन्सही वाघ झाला असता. मार्कोस यांनी १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला. देश कर्जात बुडाला आणि १९८४ व १९८५ या दोन्ही वर्षी तेथील अर्थव्यवस्था सुमारे सात-सात टक्क्यांनी आकसली.

पुन्हा कोरियाकडे येऊ. सेऊलच्या प्योंगह्वा बाजारात माणसाला ताठ उभे राहता येणार नाही अशा ठेंगण्या माळ्यांवर कपडे शिवण्याचे काम चाले. कोवळ्या वयाच्या मुली तेथे दिवसाला चौदा-चौदा तास राबत. कामाच्या तासांचा कायदा नव्हता असे नाही. तो १९५३ पासून होता! चॉन थे-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिंपीकाम करणाऱ्या तरुणाने तो वाचला, सरकारी कामगार कार्यालयाकडे अर्ज केले, दाद मागितली. कोणी दखल घेतली नाही. १३ नोव्हेंबर १९७० रोजी त्याने त्या कायद्याच्या पुस्तकासह स्वतःला पेटवून घेतले. कायदा पाळा, एवढीच त्याची मागणी होती. आमच्या मते 'आधी विकास'वाल्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही. कायद्याची अंमलबजावणी करून घेणारी संघटना, ती छापणारे वर्तमानपत्र आणि मतांची भीती असलेले सरकार, यांपैकी काहीच नसेल तर कामगार कायदा म्हणजे नुसता कागद.

हा हिस्सा कामगारांना मिळाला केव्हा? जून १९८७ मध्ये विद्यार्थी आणि सामान्य माणसे लाखोंनी रस्त्यावर आली. २९ जूनला सत्ताधाऱ्यांना अध्यक्षाची थेट निवडणूक मान्य करावी लागली. लगेच पुढच्या तीन महिन्यांत तीन हजारांहून अधिक ठिकाणी कामगारांनी काम थांबवले. उल्सानच्या कारखान्यांतील मागण्यांत पगारवाढ तर होतीच, पण आमचे केस किती लांब असावेत हे गेटवरच्या पहारेकऱ्याने ठरवू नये, अशीही एक मागणी होती. पगार भराभर वाढले. १९८८ पासून किमान वेतन लागू झाले, १९८९ पर्यंत आरोग्य विमा सर्व नागरिकांपर्यंत गेला. मग विकास थांबला काय? १९८७ आणि १९८८ या दोन्ही वर्षी तेथील वाढीचा वेग दहा टक्क्यांच्या वरच होता.

आपल्याकडेही प्रयोग होऊन गेला आहे. आणीबाणीत गाड्या वेळेवर धावत होत्या असे आजही सांगतात. त्याच आणीबाणीत, १९७५ मध्ये, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला हे कोणी सांगत नाही. तो परत मिळाला १९७७ च्या निवडणुकीनंतर. अर्थात निवडणुका होतात म्हणजे सारे आलबेल, असे आम्ही मानत नाही. १९७४ चा रेल्वे संप चिरडला गेला तेव्हा आणीबाणी यायची होती.

म्हणूनच कायदे कसे होतात याकडे आमचे लक्ष असते. कोरियात २६ डिसेंबर १९९६ च्या पहाटे फक्त सत्ताधारी खासदारांना बोलावून काही मिनिटांत कामगारविरोधी कायदा संमत केला गेला. देशव्यापी संप झाला आणि मार्च १९९७ मध्ये सरकारला तो बदलावा लागला. आपल्या राज्यसभेने २३ सप्टेंबर २०२० रोजी तीन श्रमसंहिता संमत केल्या तेव्हा विरोधी बाके बहिष्कारामुळे रिकामी होती. त्यांतल्या औद्योगिक संबंध संहितेनुसार प्रत्येक उद्योगात संपासाठी चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक झाली आणि कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा शंभर कामगारांवरून तीनशेवर गेली. त्रिपक्षीय भारतीय श्रम परिषद २०१५ नंतर वर्षानुवर्षे भरलीच नाही. त्याच २०२० साली गुजरात सरकारने बारा तासांची पाळी आणि साध्या दराने ओव्हरटाइम अशी अधिसूचना काढली होती. एका युनियनने न्यायालयात धाव घेतली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी ती रद्द केली. हुकूमशाहीत हा अर्ज दाखल तरी झाला असता काय?

३ डिसेंबर २०२४ च्या रात्री कोरियाच्या अध्यक्षांनी पुन्हा लष्करी कायदा पुकारला. पहिल्याच आदेशात राजकीय पक्षांच्या कामावर बंदी होती, वर्तमानपत्रांवर नियंत्रण होते, आणि संप व सभांनाही मनाई होती. काही तासांत संसदेने तो कायदा उठवण्याचा ठराव केला, तेथील युनियनने संपाची हाक दिली आणि एप्रिल २०२५ मध्ये तो अध्यक्ष पदावरून गेला. पुढच्या गेटसभेनंतर टपरीवर कोणी कोरियाचा दाखला दिला, तर त्याला चहा पाजून हा आदेश वाचून दाखवावा, अशी आमची शाखा कार्यकर्त्यांना विनंती आहे.