‘बंदिश बँडिट्स’: माझं लक्ष मोहिनीकडे

मैत्रिणींनो, २०२० सालची ही मालिका मी आत्ता कुठे पाहिली. जोधपूरचं गवयांचं घर. राधे शास्त्रीय गाणारा, तमन्ना पॉप गाणारी. त्यांचं प्रेम ठीकच. (शिव्या फार, मुलांसमोर लावू नका.) शंकर-एहसान-लॉय यांचं संगीत मात्र भाजी निवडतानाही गुणगुणतेय. नसीरुद्दीन शाहांचे पंडितजी कडक. नातवावरची त्यांची शिस्त थोडी पटतेसुद्धा.

पण राधेची आई, मोहिनी! शीबा चड्ढांनी काय केलीय! इतकी गाणारी बाई, आणि सून होऊन आली ती गाण्याच्याच घरात गप्प झाली. आपल्याकडे निदान ‘घरात कुणाला गाण्याची आवड नाही’ म्हणायची सोय असते. इथे तीही नाही. दहाही भागांत मी तिच्याच गाण्याची वाट पाहत होते.