फुकट शिकवणी, पण खातं कोणाच्या नावावर?

आमच्या बचत गटातल्या एका मावशींनी तीस वर्षं धुण्याभांड्याची कामं केली. शिक्षण सातवी. त्या घरांच्या आठवणी त्यांनी तीन वह्यांत लिहून काढल्या. मुलाने फुकटचे व्हिडिओ बघून वह्या टाईप केल्या आणि ई-पुस्तक किंडलवर विकायला ठेवलं. सहा महिन्यांनी मावशी मला विचारतात, “ताई, पुस्तक विकलं जातंय म्हणे. पैसे कुठं जातात?”

मुलाच्या खात्यात. चौदाशे रुपये. मुलगा वाईट नाही. “आईला त्यातलं काय कळतं?” एवढंच त्याचं म्हणणं. सातबाऱ्यावर बाईचं नाव लावायची गोष्ट निघाली की हेच वाक्य ऐकू येतं, नाही का?

ई-पुस्तक शिकवणारे काही वर्ग हजारो रुपये फी घेतात. ती भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. लिब्रेऑफिस फुकट मिळतं, त्यातून ईपब फाईल निघते. जिचा हात लिहिताना अडखळतो तिने फोनशी मराठीत बोलावं, अक्षरं उमटतात (चुका मात्र तपासाव्याच लागतात). आपल्या कार्यालयांत जुन्या फॉन्टमधे पडून असलेला मजकूर आधी युनिकोडमधे बदलून घ्यावा, नाहीतर वाचणारीला भलतीच चिन्हं दिसतात. आयएसबीएन क्रमांक केंद्र सरकारची संस्था विनामूल्य देते.

खरी अडचण पुढे आहे. किंडलवर २०१६ पासून मराठी पुस्तकं आहेत, पण पुस्तक कसं चढवायचं हे सांगणारी कंपनीची पानं मराठीत नाहीत. अटी वाचतो तो घरातला इंग्रजी येणारा पुरुष, आणि बँकेचा तपशीलही मग त्याचाच भरला जातो. लेखिकेला साधारण ३५ टक्के मिळतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर इतर अटींबरोबर आणखी एक अट येते: ९० दिवस ते पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही. म्हणजे संघटनेने तीच फाईल मैत्रिणींना फुकट पाठवली तरी अट मोडते! हे आमच्यापैकी कितीजणींना माहीत होतं? मला नव्हतं.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आपल्या लेखनाची पहिली मालक लेखिकाच. नोंदणीची सक्ती नाही. टाईप करून दिलं म्हणून मालकी मुलाची किंवा नवऱ्याची होत नाही.

म्हणून शिबिर घ्यायचं तर पहिला दिवस लेखनाचा नको. आधी प्रत्येकीचं पॅन कार्ड, तिचं एकटीचं बँक खातं, तिचा ईमेल, आणि पासवर्ड तिच्याच वहीत. व्यवहाराचं बोलताना आपल्याला उगाच संकोच वाटतो, तो सोडायला हवा. फाईलची एक प्रत संघटनेकडेही ठेवावी. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापला गेला आणि १९७५ मधे पुन्हा प्रकाशित होईपर्यंत जवळजवळ विस्मरणात गेला होता. बायकांचं लिहिलेलं किती सहज हरवतं!

मावशींचं आता स्वतःचं खातं आहे. फॉर्म मुलानेच भरून दिला, शेजारी बसून मावशींनी ओळ न् ओळ वाचून घेतली. चौथी वही सुरू आहे. ती मात्र त्या अजून कुणाला टाईप करू देत नाहीत.